सावंतवाडीची लाकडी खेळणी: चार पिढ्यांच्या घरातील दीड वर्षाचा अनुभव

दीड वर्षापूर्वी, दिवाळी आटोपल्यावर, आम्ही कोल्हापूरहून आजरा-आंबोलीमार्गे सावंतवाडीला गेलो होतो. सासूबाईंचे माहेर त्याच तालुक्यातले. अनेक वर्षांनी त्यांच्या भाच्यांना भेटायचे, संध्याकाळी मोती तलावाच्या काठी बसायचे आणि परतताना चितार आळीतून नातवंडांसाठी खेळणी घ्यायची, एवढाच बेत होता. त्या दिवशी चार वस्तू घेतल्या: एक पांगुळगाडा, लाकडी फळांची टोपली, भातुकलीचा संच आणि दशावतारी गंजिफांची, म्हणजे जुन्या पद्धतीच्या गोल पत्त्यांची, एक पेटी. पहिल्या तीन वस्तू मिळून अडीच हजार रुपयांच्या आत बसल्या. हाताने रंगवलेल्या गंजिफांना मात्र एकट्या त्याहून बरेच अधिक मोजावे लागले. मुलगी त्या वेळी नाराज झाली होती. हे परीक्षण लगेच न लिहिता दीड वर्षाने लिहीत आहे, कारण खेळणे चांगले की वाईट हे ते घरी आणल्या दिवशी कळत नाही. त्याच्याशी खेळणारी माणसे वाढली की मग कळते.

आमचे घर या दृष्टीने तपासणीला सोयीचे आहे. मुलगी आणि जावई दोघेही नोकरी करतात, त्यामुळे त्यांची दोन्ही मुले दिवसभर आमच्याकडे असतात. खरेदीच्या वेळी नातू नऊ महिन्यांचा आणि नात तीन वर्षे चार महिन्यांची होती. शेजारच्या घरात राहणारा पुतण्या तेरा वर्षांचा होता, आणि सासूबाईंना ऐंशीवे लागले होते. मी स्वतः सत्तावीस वर्षे बालवाडीत शिकवले असल्यामुळे मुलांच्या वाढीविषयी जे वाचले त्याची नोंद आणि घरात जे दिसले त्याची नोंद एकाच वहीत करण्याची मला सवय आहे. पुढील मजकूर बव्हंशी त्या वहीतूनच घेतला आहे.

आरंभ पांगुळगाड्यापासून करते, कारण त्याबद्दल पालकांचे प्रश्न सर्वांत जास्त असतात आणि गैरसमजही. तीन चाकांचा, उभ्या दांडीचा हा लाकडी गाडा मूल मागे उभे राहून ढकलते. बाजारात ‘वॉकर’ म्हणून जे मिळते, ज्यात मुलाला मधल्या झोळीत बसवतात आणि ते पायाच्या बोटांनी जमीन रेटत घरभर फिरते, ती वस्तू अगदी वेगळी आहे. बसायच्या वॉकरमध्ये मुलाला स्वतःचा तोल सांभाळावा लागत नाही, पाय पूर्ण टेकत नाहीत, आणि पायऱ्यांवरून गडगडण्याचा धोका तर इतका मोठा की कॅनडाने 2004 साली त्यांच्या विक्रीवरच बंदी घातली. पांगुळगाड्यात तोल मुलाचाच असतो. हात सुटला की मूल खाली बसते, आणि ते बसणे हाही चालायला शिकण्याचाच भाग आहे. कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बारा ते एकोणीस महिन्यांची मुले मोकळ्या खेळात तासाला सरासरी 2,368 पावले टाकतात आणि सरासरी सतरा वेळा पडतात, असे आढळले होते. हा आकडा मी मुलीला वाचून दाखवला, तेव्हापासून नातू पडला की घरात उठणारा गलका बराच कमी झाला.

नातवाने दहाव्या महिन्याच्या अखेरीस गाडा धरून उभे राहायला सुरुवात केली आणि साडेतेराव्या महिन्यात तो सोडून चालू लागला. गाड्यामुळे तो लवकर चालला, असा माझा दावा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी मुलांचे निरीक्षण करून आधाराविना चालण्याचा जो काळ दिला आहे, तो 8.2 महिन्यांपासून 17.6 महिन्यांपर्यंत पसरलेला आहे. एवढ्या रुंद पट्ट्यात कोणते मूल कुठे येईल हे खेळण्यावर अवलंबून नसते. शेजारणीचे बाळ अकराव्या महिन्यात चालले म्हणून पांगुळगाडा घेऊ इच्छिणाऱ्या आजी-आजोबांनी हा पट्टा एकदा नीट पाहावा. गाड्याने चालणे शिकवले नाही. नातू ज्या कौशल्याच्या उंबरठ्यावर उभा होता त्याचा सराव करायला त्याला एक जागा दिली, आणि माझ्या मते एवढ्यासाठी तो घेण्याजोगा आहे.

दोष मात्र सांगायला हवेत. फरशीवर चाके इतकी सहज पळतात की गाडा पुढे आणि मूल मागे आडवे, असे पहिल्या आठवड्यातच दोनदा झाले. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून चाकांवर बसवल्यावर वेग आटोक्यात आला. खरेदीनंतर चौथ्या महिन्यात एका चाकाची खुंटी सैल झाली, आणि दांडीच्या एका टोकाला धार होती ती आम्हाला घरी काचकागदाने घासावी लागली. शेणाने सारवलेल्या जमिनीवर हा गाडा ज्या गतीने चालत असेल ती गती डोळ्यांसमोर ठेवूनच त्याची घडण झालेली दिसते. आजच्या गुळगुळीत फरश्यांसाठी कारागिरांनी चाकांवर काहीतरी खरखरीत बसवून द्यावे, अशी माझी कळकळीची सूचना आहे.

लाकडी फळे सावंतवाडीची ओळखच आहेत. आंबा, केळे, सीताफळ, पेरू, काजूचे बोंड यांचे रंग इतके खरे असतात की पाहुणे हमखास हात घालतात. घेताना मला ती शोभेची वस्तू वाटली होती. प्रत्यक्षात चारही वस्तूंमध्ये सर्वांत जास्त शिकवणारी तीच ठरली. नातू नऊ महिन्यांचा असताना मी लाकडी आंबा उजवीकडच्या पंच्याखाली त्याच्या डोळ्यांदेखत लपवला. त्याने पंचा ओढला आणि आंबा काढला. महिनाभरापूर्वी हाच खेळ घरातल्या चेंडूने केला होता, तेव्हा चेंडू दिसेनासा होताच त्याने मान फिरवली होती, जणू चेंडू संपलाच. नजरेआड झालेली वस्तू अस्तित्वात राहते, ही जाण बाळाला कशी येते याचे वर्णन स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी स्वतःच्या तीन मुलांचे निरीक्षण करून केले होते, आणि त्या वर्णनातला एक विलक्षण बारकावा मला आमच्या दिवाणखान्यात पाहायला मिळाला. उजव्या पंच्याखाली चार-पाच वेळा आंबा सापडल्यानंतर मी तो, नातू बघत असतानाच, डाव्या पंच्याखाली ठेवला. नातवाने उजवाच पंचा ओढला. आंबा कुठे गेला हे त्याने पाहिले होते, तरी हात जुन्या जागी गेला. साधारण आठ ते बारा महिन्यांच्या बाळांकडून ही चूक होते, आणि पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास ती आपोआप मागे पडते. आमच्या वहीत ती शेवटची नोंदली गेली ती साडेअकराव्या महिन्यात. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एक आंबा, दोन पंचे आणि घाई नसलेले मोठे माणूस पुरते.

पुढे त्याच केळ्याचे काय काय झाले तेही पाहण्यासारखे होते. दहाव्या महिन्यात नातू ते केळे खरोखर चावत होता. चौदाव्या महिन्यात तोंडापाशी नेऊन ओठांचा आवाज करी आणि माझ्याकडे बघून हसे. हे खरे केळे नाही हे त्याला कळले होते आणि मला कळले आहे का, हे तो तपासत होता. दोन वर्षे पूर्ण होताना त्याने ते केळे कापडी हत्तीला भरवले. प्रथम खरी कृती, मग स्वतःपुरते लटके खाणे, मग दुसऱ्याला लटके भरवणे, असा हा क्रम बहुतेक मुलांत दिसतो. सव्वा वर्षाच्या अवधीत बदलले ते मूल. केळे होते तसेच राहिले, फक्त टोकाचा काळा रंग थोडा उडाला.

रंगाचा विषय निघालाच आहे, तर तो इथेच पुरा करते. तोंडात जाणाऱ्या खेळण्याचा रंग कशाचा आहे, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण हक्क आहे. भारतात 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर भारतीय मानक चिन्ह बंधनकारक झाले आहे. मात्र हस्तकला विभागाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे. सूट असल्यामुळे जबाबदारी ग्राहकाकडे येते. आम्ही गेलो त्या एका दुकानात या प्रश्नाचे उत्तर टाळले गेले; शेजारच्या दुकानात कारागिराने स्वतः पुढे येऊन कोणत्या वस्तूला लाखेचा रंग आहे आणि कोणत्या वस्तूला तेलाचा, हे दाखवून दिले आणि बाळासाठी लाखेचीच घ्या, असे सांगितले. आम्ही खरेदी तिथेच केली. फळांच्या टोपलीत करवंदाएवढी तीन-चार लहान फळेही होती. ती मी त्याच दिवशी काढून कपाटात वर ठेवली. तीन वर्षांखालील मूल घरात असेल तर प्रत्येकाने असेच करावे.

भातुकलीच्या संचात चूल, तवा, पोळपाट-लाटणे, जाते, उखळ-मुसळ, पाटा-वरवंटा, परात, चार ताटल्या आणि एक वीतभर लांबीचा पाट आहे. नातू वीस महिन्यांचा असताना एके दुपारी त्या इवल्या पाटावर बसायचा गंभीरपणे प्रयत्न करू लागला. पाठ वळवायची, वाकायचे, बसायचे, पाट निसटला की पुन्हा तो ठेवून बसायचे, असे त्याने चार वेळा केले. मुलीला काळजी वाटली. मला मात्र आनंद झाला, कारण ज्युडी डीलोख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली याच वर्तनाचे वर्णन केले होते: दीड ते अडीच वर्षांची मुले बाहुलीच्या खुर्चीवर बसू पाहतात, खेळण्यातल्या मोटारीत पाय घालू पाहतात. वस्तू ओळखून तिचा उपयोग आठवणे आणि वस्तूच्या आकारानुसार हालचाल आवरणे, ही दोन कामे या वयात अजून नीट जुळलेली नसतात. ज्या घरात छोट्या आकाराच्या हुबेहूब वस्तू असतील तिथे ही गोष्ट दिसण्याची शक्यता जास्त, आणि भातुकलीइतक्या हुबेहूब छोट्या वस्तू दुसरीकडे क्वचितच असतात.

नातीच्या हाती मात्र हाच संच संपूर्ण संसार झाला. साडेतीन वर्षांची असताना ती चुलीवर तवा ठेवी, तव्यावर पान ठेवी आणि “पोळी” म्हणे. एवढ्यावर खेळ संपे. चौथ्या वर्षी भूमिका आल्या. ती स्वतः सून, पणजी पाहुणी, पुतण्या भाजीवाला. आणि भूमिकांबरोबर नियम आले: पाहुणीने आधी हात धुवायचे, सुनेने सर्वांना वाढून झाल्याशिवाय बसायचे नाही. हा दुसरा नियम ऐकून मुलगी अस्वस्थ झाली, कारण आमच्या घरी आता सगळे एकत्र जेवायला बसतात. नियम नातीने पणजीच्या गोष्टींतून उचलला होता. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉत्स्की यांनी खेळाविषयी जे मांडले त्याचा गाभा असा की कल्पनेच्या खेळात मूल मनाला येईल ते करत नाही; घेतलेल्या भूमिकेचे नियम पाळण्यासाठी ते स्वतःच्या तात्काळ इच्छेला आवर घालते. नातीला गूळ-शेंगदाण्यांची खरी ताटली समोर दिसत होती, तरी “सून” असल्यामुळे ती हात आखडून बसली. खेळाबाहेर हीच मुलगी शेंगदाण्यांसाठी अर्धा मिनिटही थांबत नव्हती. मुलीने नियमाविषयी तिच्याशी वाद न घालता, पुढच्या वेळी स्वतः पाहुणी होऊन “आमच्याकडे सून पण आमच्याबरोबर बसते” असे सांगितले, आणि त्या दिवसापासून भातुकलीतल्या सूनबाई पंगतीत बसू लागल्या.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाडच्या बालवाड्यांत परिसरातल्या साध्या वस्तूंनी मुलांना शिकवले, त्या परंपरेत माझे शिक्षण झाले आहे. म्हणून या संचाबद्दल माझी एकच तक्रार नोंदवते: जाते फिरत नाही. वरची तळी खालच्या तळीला चिकटवून टाकलेली आहे. फिरणारे जाते असते तर त्यात तांदळाचे चार दाणे घालून मुलांना कितीतरी करता आले असते. संच घेताना प्रत्येक वस्तू हलवून पाहावी.

आता गंजिफा. या पेटीबद्दल सविस्तर लिहिणार आहे, कारण ही खरेदी सर्वांत महाग होती आणि मुलगी ज्या एका गोष्टीवर माझ्याशी भांडली ती हीच. सावंतवाडीच्या राजवाड्यात तिथल्या राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी ही कला विझू दिली नाही, म्हणून आज ती विकत मिळते. पाने गोल असतात. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा, अशी एकूण 120 पाने. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू. दिवसा खेळ असेल तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याने सुरुवात करायची, रात्री असेल तर कृष्णाचा राजा असणाऱ्याने. आणि खेळाचा खरा कस ज्यात आहे तो नियम असा: अर्ध्या अवतारांत दहाचे पान एक्क्याहून मोठे, तर उरलेल्या अर्ध्या अवतारांत क्रम उलटा, म्हणजे एक्का मोठा आणि दहाचे पान सर्वांत लहान.

या उलट्या क्रमावर प्रत्येक वयाचे माणूस वेगळ्या रीतीने अडखळते. नात साडेतीन वर्षांची असताना आम्ही तिला मासे आणि कासवे वेगळी करायला दिली, तिने केली. मग म्हटले, आता लाल कडेची एकीकडे आणि पिवळ्या कडेची दुसरीकडे ठेव. तिने मान हलवली, नियम तोंडाने बरोबर म्हणून दाखवला, आणि पुन्हा मासे-कासवेच वेगळी केली. फिलिप झेलाझो आणि इतर संशोधकांनी पत्त्यांचा नेमका असाच प्रयोग केलेला आहे: तीन वर्षांची मुले नवा नियम सांगू शकतात, पण हात जुन्याच नियमाने चालतो; पाच वर्षांच्या सुमारास बहुतेकांना नियम बदलून वागता येते. मला त्या क्षणी नातवाचा उजवा पंचा आठवला. दोघांत अडीच वर्षांचे अंतर, गोष्ट कितीतरी गुंतागुंतीची, पण जुन्या वाटेवरून पाऊल न उचलण्याची अडचण एकाच जातीची. तेरा वर्षांच्या पुतण्याला उलटा क्रम दोन डावांत कळला, तरी घाईत असला की तोही कल्कीचे दहा मोठ्या दिमाखात टाकून मोकळा होई. सासूबाई कधीच चुकल्या नाहीत.

पाने हातात धरण्याची रीतही वयाबरोबर बदलली. आरंभी नात सगळी पाने आमच्याकडे तोंड करून धरी. सासूबाई म्हणत, “अगो बाय, पानां आपल्याकडे धर.” ती धरी, आणि दोन मिनिटांनी पुन्हा तेच. तिला दिसते ते इतरांना दिसते आणि तिला ठाऊक ते इतरांना ठाऊक, असे या वयातल्या मुलांचे जग असते. विमर आणि पेर्नर यांनी 1983 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दुसऱ्याच्या मनात चुकीची समजूत असू शकते, हे मुलांना साधारण चार वर्षांनंतर कळू लागते असे दिसले होते. नातीच्या बाबतीत तो दिवस मला तारखेसह आठवतो, कारण त्या दिवशी तिने रामाचा राजा फ्रॉकच्या घेरात लपवला आणि “माझ्याकडे नाहीच” असे सांगितले. वय चार वर्षे तीन महिने. मुलगी रागावली. खोटे बोलणे चुकीचेच, आणि ते नातीला नीट सांगितलेही. पण आपल्या मनातले दुसऱ्याला दिसत नाही हे उमगल्याशिवाय खोटे बोलता येत नाही, हे मी मुलीला त्या रात्री समजावले.

पुतण्याबद्दल थोडक्यात सांगते. मित्र आले की तो ही पेटी पलंगाखाली सरकवी. आपल्याकडे सर्वांचे लक्ष आहे असे या वयाला वाटते, आणि डेव्हिड एल्काइंड यांनी 1967 साली त्याला ‘कल्पित प्रेक्षक’ असे नाव दिले होते. आम्ही कोणीही त्याला चिडवले नाही. वर्षभराने त्याने स्वतःच दोन मित्रांना खेळायला बसवले. चौदा वर्षांचा झाल्यावर तो पडून गेलेली पाने मनात मोजू लागला आणि “आजीकडे आता परशुरामाचा प्रधान असणारच” असे तर्काने सांगू लागला. समोर नसलेल्या शक्यता पारखण्याची ही ताकद तेराव्या वर्षी त्याच्यात इतकी नव्हती.

सासूबाईंना शिकवताना पाहणे हा मला या साऱ्या खरेदीतून मिळालेला सर्वांत मोठा लाभ आहे. त्यांनी नातीसमोर 120 पाने कधीच ठेवली नाहीत. प्रथम फक्त मत्स्य आणि कूर्म, म्हणजे चोवीस पाने, आणि दोन्ही एकाच क्रमाची. ते जमल्यावर राम आणला, आणि त्याबरोबर उलटा क्रम. नात अडखळली की त्या पान टाकून दाखवत नसत, “ह्या मासो की राम?” एवढेच विचारत. डेव्हिड वुड, जेरोम ब्रुनर आणि गेल रॉस यांनी 1976 साली तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला शिकवताना जे पाहिले, त्याला त्यांनी बांधकामाच्या परांचीची उपमा दिली: काम मुलाच्या आवाक्यात आणायचे, जेवढा लागेल तेवढाच आधार द्यायचा आणि काम उभे राहू लागले की आधार काढून घ्यायचा. सासूबाई चौथीपर्यंत शिकल्या आहेत. मी सत्तावीस वर्षे शिकवूनही आधार काढायला इतक्या वेळेवर धजत नव्हते, हे मला त्यांच्याशेजारी बसून कळले.

त्यांचे स्वतःचे खेळणे बदललेले आहे. नजर मंदावली आहे, हात कापतात, तिघांच्या डावात वाट्याला येणारी चाळीस गोल पाने पंख्यासारखी धरून बसणे त्यांना शक्य नाही. त्यांनी एक खोलगट थाळी घेतली, तांदळाने भरली आणि पाने त्यात उभी रोवली. लांब डाव सोडून दिला. चार अवतारांचाच डाव खेळतात, तोही सकाळी, उजेड चांगला असताना. वार्धक्याचे अभ्यासक पॉल बाल्टेस यांनी हाच मार्ग वर्णिला आहे: थोडे निवडावे, निवडलेल्याचा सराव वाढवावा, आणि जे गेले त्याच्या जागी दुसरी युक्ती बसवावी. ते उदाहरण देत पियानोवादक आर्थर रुबिन्स्टाइन यांचे, जे उतारवयात मोजक्याच रचना निवडत, त्यांचा अधिक सराव करत आणि जलद भागाआधीचा भाग मुद्दाम संथ वाजवत, जेणेकरून पुढचा वेग जास्त भासावा. आमच्याकडे त्याचे रूप तांदळाची थाळी हे आहे. वेगाने विचार करण्याची शक्ती उतरते आणि आयुष्यभर साठवलेले ज्ञान बराच काळ टिकते, हा कॅटेल आणि हॉर्न या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेला भेदही इथे दिसतो: पुतण्या पाने भराभर मोजतो, सासूबाई सावकाश पाहतात, पण कोण कधी हात राखून ठेवतो हे त्या चेहऱ्यावरून ओळखतात.

शिवाय पेटी उघडली की त्या बोलू लागतात. पावसाळ्यात माजघरात घोंगडी पसरून मोठी माणसे खेळत, मुलींना फक्त पाने लावून द्यायला बसवत, त्या वयात एकदा त्यांनी चुलत्यांच्या जागी बसून डाव जिंकला होता, हे आम्ही लग्न होऊन आलेल्या सुनांनी चौतीस वर्षांत कधीच ऐकले नव्हते. आठवणींच्या अभ्यासात असे दिसते की म्हाताऱ्या माणसांना सर्वांत जास्त आठवते ते साधारण दहा ते तीस वर्षांच्या वयातले. रॉबर्ट बटलर यांनी 1963 साली मांडले की असे मागे वळून पाहणे हा भ्रमिष्टपणा नसून आयुष्याचा मेळ घालण्याचे काम आहे. मुलीने या आठवणी फोनवर ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली आहे, आणि किमतीचा विषय तिने पुन्हा काढलेला नाही.

खरेदी करणाऱ्यांसाठी माझे मत असे. पांगुळगाडा घ्यावा, पण चाकांना रबर लावून आणि मोठे माणूस जवळ असतानाच वापरावा. फळे लाखेच्या रंगाची मिळत असतील तर निःशंक घ्यावीत. भातुकली घ्यावी, फिरणारे जाते शोधून. गंजिफांची पूर्ण पेटी मात्र घरात एखादे तरी म्हातारे माणूस आणि चार वर्षांपुढचे मूल असेल आणि रोज अर्धा तास सर्वांना एकत्र बसता येत असेल, तरच घ्यावी; नाहीतर ती भिंतीवरच्या चौकटीत जाईल. पानांना पाणी अजिबात सोसत नाही, हेही लक्षात ठेवावे.

आमच्याकडे दोन महिन्यांपूर्वी नातवाने कूर्माची सत्ती बादलीत बुडवली. नातीने पुठ्ठ्याचे गोल पान कापून त्यावर एक-एक मोजत सात कासवे काढली. तिच्या पानाची पाठ तपकिरी असल्यामुळे ते कोणाकडे आहे हे सर्वांना दिसते, अशी तक्रार पुतण्याने केली. तेव्हापासून नातीकडे ते पान आले की ती त्याची पाठ दुसऱ्या पानाने झाकून धरते, आणि सासूबाईंकडे आले की त्यांच्या थाळीसमोर उशी उभी करून देते. एक सुटे पान रंगवून मिळते, नमुन्यासाठी त्याच रंगाचे दुसरे पान पाठवावे लागते, असे कारागिरांनी फोनवर सांगितले. कूर्माची अठ्ठी गेल्या सोमवारी टपालाने पाठवली आहे.